डॉक्टरांची डेग

"ताई, मला दीड तास तुमच्याकडं बसू देता का?"

दार उघडल्या उघडल्या हे पहिलं वाक्य. ओळख ना पाळख. शनिवारची सकाळ, आयर्लंडमधल्या आमच्या लिक्सलिपचा तो बारीक आडवा पाऊस, आणि दारात एक उंच, हडकुळा माणूस. पायात घरातल्या सपाता आणि हातांना कांद्याचा वास. मी काही विचारायच्या आत त्यानेच पुढचं सांगून टाकलं, "मी बालाजी. शेजारचा. राजश्रीचा नवरा. घरात गॅसवर भांडं चढवलंय. मी तिथं थांबलो तर उघडीन. ते उघडायचं नसतंय."

राजश्री माझ्याच कंपनीत, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात. शेजारचं घर रिकामं होतंय हे मीच तिला सांगितलं होतं. तिचा नवरा काही महिन्यांपूर्वी लातूरहून आलाय हेही माहीत होतं. तो असा दारात येईल हे मात्र माहीत नव्हतं.

बसू द्या म्हणणारा हा माणूस त्या दीड तासात एकदाही बसला नाही. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला सगळे प्रेस म्हणतात; माझ्या एका प्रेसचं दार वर्षभर लोंबत होतं. चहा उकळेपर्यंत त्यांनी ते बटर लावायच्या सुरीने घट्ट करून टाकलं. मग चहाचा कप हातात घेऊन मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत फेऱ्या. मग माझा रक्तदाब विचारला, माझ्या नवऱ्याचा विचारला. नवरा गॉलवेला नोकरीला आणि फक्त शनिवार-रविवार घरी, तोही त्या वेळी झोपलेला, तर "इतका वेळ झोप बरी नाई, एकदा शुगर बघून घ्या," असं बजावलं. दर पाच मिनिटांनी घड्याळ. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पाहिली होती, पण यांच्या बोटांनासुद्धा भिंगरी होती.

दीड तास भरला तसे कप ओट्यावर आपटून पळाले आणि दहा मिनिटांनी एक मोठा वाडगा घेऊन परत आले. त्यात मटणाचे मऊ तुकडे, अख्खे बटाटे, गाजरं, लसणाचा एक अख्खा गड्डा, वर कोबीचं पान आणि खाली वाटीभर रस. तिखट नाही, हळद नाही, गरम मसाला नाही. मी सांगलीकडची, मटण पाहून डोळ्यांत पाणी यायला हवं अशी आमची शिकवण. एक घास खाल्ला आणि पुढे वाडगा रिकामा होईपर्यंत चमचा खाली ठेवला नाही. डॉक्टर उभेच होते. "पाण्याचा थेंब घातलेला नाही," ते म्हणाले. "हे सगळं त्यांचं त्यांनीच सोडलंय."

डॉक्टर हे त्यांना आम्ही म्हणायचो. आयर्लंड म्हणत नव्हतं. ताजिकिस्तानात, दुशान्बेला त्यांचं डॉक्टरकीचं शिक्षण झालं होतं. लातूर-नांदेडची कितीतरी मुलं तिकडे शिकायला जातात. परत येऊन भारतातली परीक्षा पास झाले, लातूरपासून तासाभरावरच्या एका गावच्या दवाखान्यात चार वर्षं काम केलं. रात्री-अपरात्री बैलगाडीतून नाही, पण ट्रॅक्टरमधून पेशंट यायचे, असं ते सांगत. मग राजश्रीला इथली नोकरी लागली. इथे डॉक्टरकी करायची तर इथली परीक्षा, तिचे प्रयत्न मोजून चार. तोवर पोटापाण्याला एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," हे ते स्वतःच म्हणत, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

त्या पदार्थाचं नाव दिमलामा. शिकवला तो त्यांच्या दुशान्बेच्या घरमालकिणीने. सओदत खोला. खोला म्हणजे मावशी. पहिल्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी हे महाशय दर दहा मिनिटांनी कॉलेजच्या फळ्यापर्यंत धावत जात आणि धावत परत येत होते. चौथ्या फेरीला खोलाने जिन्यातच दंड धरला, स्वयंपाकघरात नेलं आणि पुढ्यात दोन किलो कांदे टाकले. डेगेत, म्हणजे खोल, जाड बुडाच्या भांड्यात, आधी मटण चरबीवर लालसर करायचं, मग कांद्याच्या चकत्या, मग गाजर, बटाटे, टोमॅटो, ढोबळी मिरची, लसणाचे गड्डे, जिरे, मीठ. एकावर एक थर, ढवळायचं नाही. सगळ्यावर कोबीच्या पानांचं पांघरूण, त्यावर एक उपडी ताटली दाबून, वर झाकण. मंद आच, आणि दीड तास हात लावायचा नाही. खोला चुलीपुढे स्टूल टाकून बसली, विणकाम घेतलं आणि म्हणाली, "आत काय करायचं ते भांड्याला कळतं. तू बाहेर राहा." झाकण निघालं, जेवण झालं, मग तिने जाऊ दिलं. निकाल पास होता. तेव्हापासून दर निकालाला दिमलामा. शिक्षण संपल्यावर खोलाने ती बिडाची डेगच त्यांना देऊन टाकली. विमानात वजन जास्त झालं म्हणून डॉक्टरांनी दोन सुटकेसमधले कपडे विमानतळावर सोडले आणि डेग आणली. लातूरला आणि मग लिक्सलिपला.

माझ्या दारात आले तो इथल्या पहिल्या निकालाचा दिवस होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी ते नापास झाले होते. निकाल त्यांनी वाडगा द्यायला येण्याआधीच वाचला होता, आणि तरी उभं राहून मला पाण्याच्या थेंबाबद्दल सांगत होते.

दुसऱ्या निकालाच्या वेळी माझी आई आलेली होती. राजश्री कामावर, म्हणून डॉक्टरांनी डेग आमच्याच गॅसवर चढवली, आईला म्हणाले, "मावशी, एवढं सांभाळा, उघडू नका," आणि स्वतःवर भरवसा नसल्यामुळे कालव्याच्या कडेने चालायला निघून गेले. मी वर मीटिंगमध्ये. आता आई म्हणजे साठ वर्षं मटण शिजवलेली बाई. थर लावताना तिने पाहिलं होतं की पाणी घातलेलं नाही. अर्धा तास तिने दम काढला. झाकणावर पाणी ठेवून पाहिलं, आपल्याकडे ठेवतात तसं. पण झाकण घुमटासारखं, पाणी ठरेना. शेवटी तिचा जीव राहिना. पोरगं परक्या देशात, निकालाचा दिवस, आणि त्यात मटण करपलं तर? तिने केटलमधलं गरम पाणी तांब्याभर ओतलं, खाली लागलंसं वाटलं म्हणून थोडं ढवळलं, आणि घरून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा एक चमचासुद्धा घातला.

डॉक्टर आले, झाकण काढलं, आणि बघतच राहिले. आत सांगलीचा रस्सा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई म्हणाली, "अरे, कोरडं होतं रे बाळा." डॉक्टरांनी वाटी घेतली, ओरपली, आणि म्हणाले, "मावशी, दोन वर्षांनी आपल्या चवीचं खाल्लं बगा." तीन वाट्या प्यायले. फक्त त्या एका दिवशी मी त्यांना जेवताना टेबलाशी बसलेलं पाहिलं.

संध्याकाळी निकाल आला. नापास. आईने ते मनाला लावून घेतलं. पाणी घातलं म्हणून झालं, असं तिने धरूनच ठेवलं. देवापुढे बसली, मला न सांगता उपास धरला. डॉक्टरांना कळलं तसे ते रोज ड्यूटीवरून येताना पाच मिनिटं आमच्याकडे डोकावायला लागले. आईचा रक्तदाब बघायचा हे निमित्त. तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून ते दर वेळी तेच सांगत, "मावशी, मला तिसरा प्रश्न येत नव्हता. पाण्याचा काय दोष?" आई परत गेल्यावरही दर रविवारी तिला फोन. माझ्या आईला मी इतके फोन केलेले नाहीत.

त्यांचं वृद्धाश्रमातलं काम मला एकदाच ऐकायला मिळालं. त्यांची ट्रेन रद्द झाली म्हणून मी गाडी घेऊन त्यांना आणायला गेले होते. पुढच्या सीटवर बसून ते काचेचं बटण वर-खाली करत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, मोडेल ते."

"ताई, तिथं एक टॉम म्हणून म्हातारा आहे. शुक्रवारी बूट घालताना मला त्याचे घोटे सुजल्यासारखे वाटले. नर्सला सांगितलं. चांगली आहे बिचारी, तिनं लिहून घेतलं. डॉक्टर सोमवारी यायचे होते. मधे दोन दिवस." बटण वर, बटण खाली. "त्या दोन दिवसांत मी त्याचे मोजे सहा वेळा बदलले."

"मोजे?"

"घोट्यावर अंगठा दाबायचा. खड्डा पडतोय का, किती वेळ राहतोय. हृदय थकलं की पाणी साचतंय पायात. तपासायचा मला हक्क नाई. मोजे बदलायचा हाय की." ते हसले. "टॉम म्हणतोय, ‘लॅड, माय सॉक्स आर ग्रँड!’ चांगलेच हायत म्हणे. रविवारी दुपारी त्याला धाप लागायला लागली. मी तिसऱ्यांदा जाऊन सांगितलं, मग नर्सनं ॲम्ब्युलन्स बोलावली. वाचला. स्ट्रेचर आत आलं तेव्हा त्या पोरांनी मला म्हटलं, जरा बाजूला व्हा. बरोबरच हाय. मी भिंतीला लागून उभा राहिलो. हात खिशात घातले. बाहेर असते तर त्यांनी काहीतरी केलं असतं."

मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा तेही समजत नव्हतं. नियम चुकीचे नव्हते. नर्स चुकीची नव्हती. फक्त शेजारच्या सीटवर एक डॉक्टर काच वर-खाली करत होता.

त्यांची मुलगी इरा तेव्हा सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र अस्सल इथल्या सुरातल्या इंग्रजीत. शाळेत आई-बाबा काय करतात ते सांगायचं होतं. इराने सांगितलं, "माय मॅम मेक्स चिप्स, अँड माय डॅड यूज्ड टू बी अ डॉक्टर." चिप्सवर वर्ग हसला, हे तिने घरी येऊन तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी तिथेच होते. दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे तिचं लक्षही नव्हतं. डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसले. मग उठले, आणि भर पावसात मागच्या अंगणातलं ओलं गवत कापायला लागले. यंत्र दर दोन पावलांना अडकत होतं. राजश्री खिडकीशी उभी राहून पाहत होती. तिने त्यांना आत बोलावलं नाही.

तिसरा प्रयत्नही गेला. त्या निकालाला मी गॉलवेला होते. पास झाल्याचा फोन आला नाही; परतले तर राजश्रीच्या फ्रीजमध्ये दिमलामाचा डबा माझी वाट पाहत होता, त्यावरूनच काय ते समजलं.

चौथा, शेवटचा निकाल गुरुवारी येणार होता. राजश्री शिफ्टवर, कारखान्याच्या आतल्या भागात फोन नेता येत नाही. मी मुद्दाम घरून काम घेतलं होतं. दहाला डॉक्टर डेग घेऊन आले. थर घरीच लावून आणले होते. आच मंद केली, झाकण दाबलं, आणि खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला.

"मेल आला की वाचा. मला सांगू नका. झाकण निघाल्यावर."

"आणि तुम्ही? कालव्याकडे?"

"नाई. आज इथंच बसतो."

आणि ते खरंच बसले. चुलीसमोर खुर्ची ओढून, दोन्ही हात गुडघ्यांवर. फेऱ्या नाहीत, घड्याळ नाही. मला ते बघवेना. या माणसाने काहीतरी उघडावं, काहीतरी घट्ट करावं, निदान माझी शुगर विचारावी असं वाटायला लागलं.

विसाव्या मिनिटाला फोन थरथरला. मी वाचलं. दोनदा वाचलं. मग फोन उपडा ठेवला.

अजून सत्तर मिनिटं होती. मी ओटा पुसायला घेतला. पुसलेला ओटा परत पुसला. प्रेस उघडून बरण्या खाली काढल्या, पुन्हा वर लावल्या. कुकरची शिट्टी धुतली. एकदा वाटलं सांगून टाकावं, एकदा वाटलं आत्ताच झाकण उचलावं आणि संपवावं हे सगळं. मटणाचा आणि जिऱ्याचा वास घरभर भरला होता, आणि त्या वासाने मला रडू येत होतं. डॉक्टर झाकणाकडे पाहत बसून होते.

दीड तास झाला. त्यांनी उठून झाकण काढलं, ताटली काढली, कोबीची पानं बाजूला केली. मला वाढलं, स्वतःला वाढलं, पहिला तुकडा मला खायला लावला. मग म्हणाले, "नाई ना?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही ओटा पुसायला घेतला तेव्हाच कळलं, ताई. पास असतो तर तुम्हीच झाकण उघडलं असतं."

त्यानंतरचे दोन महिने आमच्या दोन्ही घरांत कुणी नीट बसलं नाही. लातूरकडच्या त्यांच्या जुन्या दवाखान्यातून बोलावणं आलं होतं. ते कायम होतंच, म्हणे, यांनीच उत्तर दिलं नव्हतं. इथे राजश्रीची नोकरी, घराचं कर्ज, इराची शाळा. इथे राहिले तर आयुष्यभर मोजे. तिकडे गेले तर मुलगी फोनच्या पडद्यावर. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत राजश्री मला म्हणाली, "मी थांब म्हटलं तर तो थांबेल गं. लगेच थांबेल. म्हणून म्हणत नाहीये." आणि तिने डबा न खाता बंद केला.

त्यांनी जायचं ठरवलं. दोन वर्षं बघू, असं सगळे म्हणत होते. दोन वर्षांनी काय, ते कुणी म्हणत नव्हतं.

निघायच्या दिवशी इराने जाहीर केलं की ती विमानतळावर येणार नाही. समजावून झालं, रागावून झालं. "आय अ‍ॅम नॉट गोइंग. यू गो." तेव्हा सकाळी नऊला डॉक्टर माझ्या दारात आले, पहिल्या दिवसासारखेच, फक्त पायात बूट होते, अंगात कोट, एका हातात इराचा हात आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली डेग.

"ताई, हिला दीड तास तुमच्याकडं बसू देता का?"

डेग गॅसवर ठेवली, आच मंद केली. मी म्हटलं, "अहो, ही डेग तरी घेऊन जा."

"राहू द्या. तिकडं मला आता निकाल नाईत."

मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून चुलीपुढे ठेवलं, इराला उचलून त्यावर बसवलं. "इरा, हे तुझ्याकडं. दीड तास. कुणालाच उघडू द्यायचं नाई. ताईला पण नाई. ताईच्या आईला तर बिलकूल नाई."

"आय नो, बाबा."

"मला पण नाई."

"आय नो."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मला वाकून नमस्कार केला आणि गेले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. राजश्रीने इंजिन सुरू केलं. मी खिडकीशी गेले. गाडी दहा पावलं पुढे गेली, थांबली, आणि डॉक्टर उतरले. मला वाटलं, पासपोर्ट विसरले.

ते सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आले. काचेपलीकडे, हातभर अंतरावर. माझ्याकडे पाहिलंच नाही. इरा पाठमोरी बसली होती, ताठ, दोन्ही हात मांडीखाली दाबून, नजर झाकणावर. डॉक्टरांनी काचेवर टकटक करायला हात वर केला. बोटांची पेरं काचेला टेकलीसुद्धा असतील. एवढ्याने ती वळली असती, पळत बाहेर आली असती, आणि मग ते गेले नसते, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. त्यांनाही दिसलं असणार.

हात तसाच राहिला थोडा वेळ. मग त्यांनी तो खाली घेतला, कोटाच्या खिशात घातला. दुसराही घातला. आणि पाठ वळवून पावसातून गाडीकडे गेले.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर इराने, मान न वळवता, मला विचारलं, "इज ही गॉन नाऊ?"

"हो."

तिने तळहाताने डोळे पुसले आणि स्टूल चुलीच्या आणखी थोडं जवळ ओढलं.

"ओके," ती म्हणाली. "डोन्ट ओपन इट."